गंगीला दिवस गेले

दफेदारांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या प्रसूतिगृहात, तपासणीला आलेल्या बायकांच्या रांगेत. पुढे पाच बायका, मागे चार आणि मधे हे. खाकी सदरा, कडक इस्त्रीची अर्धी विजार, एका गुडघ्याला पट्टी, ओठांवर मिशांचे दोन आकडे. हात मांड्यांना चिकटवलेले, नजर समोरच्या भिंतीवर. त्या भिंतीवर बाळाला अंगावर कसं पाजावं याचं भलंमोठं चित्र होतं, त्यामुळे मधूनमधून ते डोळे गच्च मिटून घेत.

मी तेव्हा सांगलीला नर्स होते. लढाईचे दिवस होते, औषधं मिळत नव्हती, आणि रांगेत पुरुष उभा राहिलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"पुरुषांनी बाहेर बसायचं," मी म्हटलं.

"बरूबर हाय, बाई. पर मी पुरुष म्हनून आलो न्हाई. पेशंटचा रिपोर्ट घिऊन आलोय. पेशंटला हितं आनायला परवानगी न्हाई."

"मग पुढे या, सांगा आणि जा."

"न्हाई. लाइन म्हंजी लाइन."

तासाभरानं त्यांचा नंबर आला. त्यांनी खिशातून वही काढली, घसा साफ केला आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली.

"नाव गंगा. चार म्हयनं पाळी न्हाई. केस गळत्यात. आंघुळीला का-कू करतीय."

"वय?"

"थोराड हाय. नक्की दात बघून सांगावं लागंल."

मी पेन खाली ठेवलं. "नवरा काय करतो?"

"कायबी न्हाई. दिसभर बसतो आन् प्वाट खाजवतो."

"समद्यांचं त्येच हाय," मागच्या बाईनं उसासा टाकला.

"मारतो का तिला?"

"छ्या! बसल्या बसल्या तिच्या उवा काढतो."

"नशीबवान हाय गं बाई," आणखी एक आवाज आला.

"राहते कुठे?"

"पिंजऱ्यात. सांजच्याला साखळी लावून मी फिरवून आनतो."

मी ताडकन उठले. पोलिसांत देईन, जोड्यानं मारीन, तुरुंगात घालीन, असं जे तोंडाला येईल ते मी बोलले. दफेदार शांतपणे ऐकत होते. लष्करात त्यांनी गोऱ्या साहेबांच्या शिव्या ऐकल्या होत्या, माझं काय! मी दम खायला थांबले तेव्हा त्यांनी वही मिटली आणि अदबीनं म्हणाले, "बाई, रिपोर्टात एक गोष्ट ऱ्हायली. माकडीन हाय ती."

त्या दिवशी तपासायला आलेल्या एका बाईला हसता हसता कळा सुरू झाल्या. मुलगा झाला.

दफेदार मूळचे पलूसकडचे. पलटणीत खेचरांच्या तांड्यावर होते. लढाईच्या पहिल्याच वर्षी एका खेचरानं त्यांच्या गुडघ्यावर लाथ घातली आणि त्यांना पेन्शनीत काढलं. त्या खेचराबद्दल त्यांच्या मनात राग नव्हता. "त्याची तबेत बरी नव्हती," एवढंच म्हणत. जनावरांची माहिती आहे म्हणून एका सर्कशीच्या मालकांनी त्यांना ठेवून घेतलं होतं. ही सर्कस पावसाळ्यापुरती सांगलीला उतरली आणि लढाईमुळे इथंच अडकली. रेल्वेचे डबे सगळे पलटणीला लागत, तंबू हलवायचा कशातून? हत्ती एका संस्थानानं नेला, घोडे विकले गेले, कसरतवाल्या पोरी आपापल्या गावी गेल्या. मिरजेच्या रस्त्याला एका आमराईत उरली ती अकरा माकडं आणि दफेदार.

त्यांनी त्या अकरांची पलटण केली. सकाळी सहाला हाजिरी. पिंजऱ्यासमोर उभं राहून एकेक नाव पुकारायचं आणि माकडानं वळून पाहिलं की वहीत बरोबरची खूण करायची. ज्यानं पाहिलं नाही तो 'गैरहजर', मग तो हातभर अंतरावर बसून शेंगा का खाईना. माणूस असो की माकड, त्यांच्या लेखी जगात दोनच जाती होत्या, 'फिट' आणि 'अनफिट'. गंगीचा जोडीदार राजा हा अनफिट. पूर्वी हा राजा सायकल चालवायचा, पुढच्या रांगेतल्या बायांना डोळा मारायचा. आता तो नुसता सुटला होता. शेजारी माद्या बसल्या तरी त्यांच्याकडे मठातल्या बुवासारखा बघायचा. दफेदारांनी त्याच्याकडून रोज पन्नास उठाबशा काढायचं ठरवलं. काढून दाखवायच्या म्हणून स्वतः काढायचे. राजा बघत बसायचा. महिनाभरात दफेदारांचा दुखरा गुडघा सुधारला, राजा होता तसाच राहिला.

त्या रांगेनंतर ते दर सोमवारी येऊ लागले. माकडिणींच्या तक्रारी घेऊन कुठल्या तोंडानं जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊ, असा त्यांचा सवाल होता. त्या डॉक्टरांना म्हणे बैलाच्या पलीकडे काही येत नव्हतं. "हिकडं समदं बायकांचं हाय, बाई. तुमी बायकांच्या. मी आपला रिपोर्ट देतो, निदान तुमी करा."

एकदा त्यांच्या घरमालकीणबाईंनी मला तातडीनं बोलावलं. गावभागात त्यांच्याकडे दफेदारांची भाड्याची खोली होती. दफेदार कामावर गेलेले. बाईंनी मला खोलीत नेलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नुसतं बोट दाखवलं.

कॅलेंडरवर तांबड्या पेन्सिलीनं गोल काढले होते आणि गोलांत नावं. मैना, तीन दिवस. हिरा, उशीर. चमेली, नाराज. मैना पुन्हा. गंगा, नाही. गंगा, नाही. गंगा, नाही.

"पाच मोजल्या मी," मालकीणबाई कुजबुजल्या. "एकटा राहतो, सज्जन दिसतो म्हणून जागा दिली हो! आणि त्या गंगेला तर कित्येक महिने…"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्या पलंगावर बसल्या, पदरानं वारा घेतला, विचार केला.

"म्हणजे हा मनुष्य माकडिणींची पाळी लिहून ठेवतो?"

"हो."

"मग त्यापेक्षा बाया ठेवलेल्या बऱ्या," त्या म्हणाल्या.

पण त्या कॅलेंडरानं मला विचारात पाडलं. अकरापैकी माद्या पाच. सर्कस फिरत होती तोवर पाचही जणींचं वेळच्या वेळी चाललं होतं, हे दफेदारांच्या जुन्या वहीवरून दिसत होतं. आमराईत बंद झाल्यापासून एकेकीचं बिघडत गेलं. हिराला दोन-दोन महिने काही नसे आणि मग दहा दिवस थांबत नसे. चमेली स्वतःच्याच दंडावरचे केस उपटायची. मी ते आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं. मला वाटलं होतं, रागावतील. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "तू शिकायला पुण्याला गेलीस तेव्हा पहिले सहा महिने तुझं काय झालं होतं?"

मी लाजले. वसतिगृहात आलेल्या आम्हा निम्म्या मुलींची पाळी पहिल्या वर्षी थांबली होती. आम्हाला वाटायचं, मेसचं अन्न.

"मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते," त्या म्हणाल्या. "तिचे रस रक्तात उतरतात तेव्हा हे सगळं नीट चालतं. भीती, एकटेपण, कोंडून घातलेलं असणं, यानं ती बिचकते. बाईची काय आणि माकडिणीची काय! तुझ्या त्या शिपाईगड्याला म्हणावं, औषध नाही यावर. मोठा पिंजरा कर आणि त्यांना एकत्र ठेव."

दफेदारांनी हे मान खाली घालून ऐकलं आणि चौथ्या दिवशी आमराईतल्या दोन झाडांना जाळी लावून पिंजरा दुप्पट केला. जाळी कुठून आणली ते मी विचारलं नाही. औषध मात्र ते सोडायला तयार नव्हते. स्त्रियांच्या सर्व विकारांवर म्हणून एक तांबडं टॉनिक मिळायचं, ते त्यांनी दुकानात जाऊन 'पाच बायकांपुरतं' मागितलं. दुकानदार त्यानंतर त्यांना उठून नमस्कार करायचा.

आणि मग गंगीचं पोट दिसायला लागलं.

त्या सोमवारी दफेदार रांगेत उभे राहिले नाहीत. सरळ आत आले. मिशा थरथरत होत्या.

"बाई, गंगी फिट! प्वाट आलंय. छाती भरलीय. काल दाबून बघितलं तर दूध! म्हंजी राजानं आपलं काम केलं की वो! आमी उगंच त्याला बोल लावत हुतो."

गंगी त्यांची लाडकी. हे त्यांनी कधी कबूल केलं नसतं, पण हाजिरीत तिचं नाव ते जरा हळू पुकारत. खेळात ती नऊवारी नेसून डोक्यावर घागर घेऊन यायची. मागं एकदा तिला पिल्लू झालं होतं ते प्रवासात, उन्हानं तापलेल्या डब्यात गेलं. आठ दिवस तिनं ते खाली ठेवलं नव्हतं. दफेदार तेव्हा नुकतेच कामाला लागले होते. शेवटी पिल्लू तिच्या हातून त्यांनीच काढून घेतलं. दंडावर तिच्या दातांची खूण होती, ती ते 'खेचराची' म्हणून सांगत.

पंधरा दिवसांत त्यांनी बाळंतिणीची तयारी केली. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात फळ्यांचा आडोसा, खाली मऊ भुसा, वर गोणपाटाचा पडदा. गंगीला खारीक आणि डिंक. राजाला तिच्यापासून दूर बसण्याचा हुकूम. मालकीणबाईंनीही आता घरात तीळ कुटायला घेतले होते. सुनेचं बाळंतपण असल्यासारख्या रोज विचारायच्या, "आज कसं आहे तिचं?"

त्याच सुमारास मालकांकडे मुंबईचा एक व्यापारी आला. तो औषधांच्या प्रयोगशाळांना माकडं पुरवायचा. मालकांना बसून खाणारी माकडं जड झाली होती आणि ज्यांना आता पोरं होत नाहीत अशा माद्या देऊन टाकायचं त्यांनी ठरवलं. यादीत पहिलं नाव गंगीचं. दफेदार म्हणाले, ती पोटुशी आहे. व्यापारी म्हणाला, पोटुशी मी नेत नाही, वाटेत मरते, पण माकडं सांभाळणारे सगळेच असं सांगतात. कुणा जाणत्याचा शब्द हवा.

तो जाणता शब्द म्हणजे मी.

मी गेले. एका बाजूला धोतर सावरत मालक, दुसऱ्या बाजूला हॅट घातलेला व्यापारी, मधे बाकावर गंगी आणि तिचा हात धरून दफेदार. मी पोटाला लावून ऐकायची लाकडी नळी काढली. गंगीनं आधी ती नळी माझ्या कानावरून काढून स्वतःच्या कानाला लावून पाहिली. मग पाय पसरून, शेकडो बाळंतपणं पाहिल्यासारखी निवांत पडली. मी ऐकलं. हातानं चाचपलं. पुन्हा ऐकलं.

पोटात काही नव्हतं.

पोट होतं, ताणलेलं, गोल. दूध होतं. मूल नव्हतं. हे मी बायकांत दोनदा पाहिलं होतं. मान वर केली तर दफेदार माझ्याकडे बघत होते, परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या मुलासारखे.

मी व्यापाऱ्याकडे वळले. "हिला दूध आलेलं आहे," मी म्हटलं. "हिला या अवस्थेत हलवता येणार नाही. मी जबाबदारी घेणार नाही." यात खोटं एक अक्षर नव्हतं. व्यापाऱ्यानं स्वतः दूध बघितलं, हॅट सारखी केली आणि यादीतून गंगीचं नाव खोडलं. बाकीच्या चार माद्या त्यानं बैलगाडीत घातल्या. मैनेचा पिंजरा गाडीवर चढवताना दफेदारांनी हाजिरीची वही उघडली, चार नावांपुढं 'बदली' असं लिहिलं आणि गाडी मिरजेच्या रस्त्याला वळेपर्यंत सलाम ठोकून उभे राहिले. मग हात खाली घेऊन ते माझ्याकडे वळले.

"तर कितवा म्हयना म्हनायचा, बाई?"

मग मला सांगावं लागलं. मूल नाही, असं मी सांगितलं. काही वेळा असं होतं, शरीरच फसतं, असंही सांगितलं.

दफेदारांनी गंगीचा हात सोडला. मी त्यांना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. चेहरा काळाठिक्कर पडला होता.

"ढोंगी!" ते तिच्यावर ओरडले. "ढोंग करतीस व्हय गं?"

गंगी बाकाच्या टोकाला जाऊन अंग चोरून बसली.

"दफेदार, ढोंग नाही ते," मी म्हटलं. "तिला फसवायचंच नाहीये कुणाला. तिला पोर हवं आहे. मन इतकं धरून बसलं की ते रस तसेच सुटायला लागतात. पाळी थांबते, पोट वाढतं, दूध येतं. दूध खरं, पोट खरं, दुखणंसुद्धा खरं. मूल तेवढं नसतं."

"पर… हाललं म्हनून सांगत असंल तर? पोटात हाललं म्हनून?"

"कोण सांगेल? गंगी?"

"समजा. एकादी बाईमानूस."

"तिला ते खरंच हललेलं जाणवतं. माझ्या हाताखालून अशा दोघी गेल्यात. एकीचं तर डोहाळजेवण झालं होतं."

दफेदार आंब्याच्या बुंध्याशी बसले. गळ्याशी लावलेलं सदऱ्याचं बटण त्यांनी काढलं. ते उघडलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

"आमच्यातबी झालं हुतं डोहाळजेवान," ते म्हणाले. "अनसूचं. आमच्या घरातलीचं. हिरव्या बांगड्या, झोपाळा, समदं. लगीन हून सात वर्सं झाली हुती आन् काय न्हाई, आन् मग एकदम ही खबर. मी रजा काढून आलो, पोराला आंगडं घिऊन. नववा सरला, धावा सरला. सुईन आली, हात लावला आन् म्हनली, हितं तर कायबी न्हाई. गाव हासलं, बाई. लय हासलं. अनसू नुसती म्हनत हुती, आवं, मला हाललेलं कळतंय. आन् मी…"

"तुम्ही काय?"

"मी चारचौघांत ढोंगी म्हनलो तिला. आन् भावाच्या गाडीत बसवून दिली, पाटनला. बारा वर्सं झाली."

"दुसरं लग्न?"

"न्हाई केलं." ते म्हणाले, "माणसं म्हनायची, कर. मन लागलं न्हाई." मग उठले, गंगीजवळ गेले, पण तिला हात लावायला ते धजले नाहीत. थोडं अंतर ठेवून तिच्याशेजारी बाकावर बसले. बऱ्याच वेळानं तीच सरकत सरकत आली आणि त्यांच्या मिशीत काही सापडतं का ते बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकांना रजेचा अर्ज दिला. कारण: 'जुना रिपोर्ट चुकीचा दिलेला आहे, तो दुरुस्त करणेसाठी.' आणि मला चार पानी हुकूमनामा. रोज संध्याकाळी ड्यूटी संपली की मी आमराईत जायचं, बरोबर सोबतीला मालकीणबाई. हाजिरी घ्यावी. हिराची आणि इतर बदली झालेल्यांची नावं पुकारू नयेत, इतरांना वाईट वाटतं. राजाला उठाबशा सांगाव्यात, करणार नाही, तरी सांगाव्यात. गंगीशी बोलावं, विषय कुठलाही चालेल. मालकीणबाईंनी तिला आपल्या सुनेच्या सगळ्या कागाळ्या सांगितल्या. गंगीनं इतक्या मन लावून ऐकलं की पुढं लढाई संपून सर्कस निघाली आणि म्हाताऱ्या गंगीला न्यायला मालक तयार होईनात, तेव्हा मालकीणबाईंनीच तिला परसात जागा दिली.

दफेदार आठ दिवसांनी परतले. पाटणला मेव्हण्यानं त्यांना घरात घेतलं नव्हतं. दोन दिवस ते अंगणात उभे होते. बसायला कुणी सांगितलं नाही म्हणून बसले नाहीत. गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. तिसऱ्या दिवशी अनसूबाईंनी आतून गरम पाण्याचं भगुलं आणून समोर ठेवलं आणि म्हणाल्या, "पाय घाला त्यात. मग काय बोलायचं त्ये बोला."

त्या त्यांच्याबरोबर आल्या, पण राहायला म्हणून नव्हे. उतरल्या त्या थेट दवाखान्यात आल्या. तपासणी संपून व्हरांडा रिकामा झाला होता. उंच, काटक बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात गाठोडं. दफेदारांना त्यांनी दाराबाहेर थांबवलं आणि दार लोटून घेतलं.

"आवं बाई, ह्यांनी मला येक सांगितलंय. ह्यांचं ऐकून मी आले न्हाई. मला तुमच्या तोंडून ऐकायचं हाय."

मी सगळं पुन्हा सांगितलं. ग्रंथी सांगितली, रस सांगितले, मी पाहिलेल्या त्या दोन बायका सांगितल्या. गंगीचं सांगताना मी जरा कचरले, माकडिणीशी तुलना केली म्हणून राग येईल असं वाटलं. पण त्यांनी विचारलं, "आन् तिला दूध आलं हुतं?"

"आलं होतं."

"मलाबी आलं हुतं. कुनाला सांगितलं न्हाई. आनिक हासली असती माणसं." त्या एक पाऊल पुढे आल्या. "म्हंजी मला हाललेलं कळत हुतं, त्ये मला खरंच कळत हुतं?"

"खरंच."

त्या बाकावर बसल्या. गाठोडं मांडीवर घेतलं, त्यावर दोन्ही हात ठेवले. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं. बाहेर दफेदार भिंतीकडे तोंड करून ताठ उभे होते, त्यांची सावली दाराच्या फटीतून आत आली होती.

"मी त्याचं नाव ठिवलं हुतं," अनसूबाई म्हणाल्या. "बारा वर्सं त्ये नाव मी तोंडानं काढलं न्हाई."

"काय ठेवलं होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"त्यांस्नी आत बोलवा," त्या म्हणाल्या. "त्यांच्या म्होरं सांगते."